स्पर्धेचं माहितीपत्रक इंग्रजीत काढायचंय: बाय, वॉकओव्हर, टाय, रनर्स-अप, सगळे शब्द नीट पाहिजेत

मैदानावरचा_सर

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आमच्या शाळेच्या मैदानावर १७ वर्षांखालच्या मुलींची खो-खो आणि कबड्डी स्पर्धा घेतोय. बार्शी, मोहोळ, माळशिरस, पंढरपूर हे आपले लोक तर येणारच, पण यंदा विजयपूर आणि कलबुर्गीकडचे संघपण येतो म्हणालेत. त्यांच्या सरांशी फोनवर अर्धं कन्नड अर्धं हिंदी असं आमचं मस्त चालतं पण कागद मात्र इंग्रजीतच पाठवा म्हणतात, त्यामुळे माहितीपत्रक, नियम, फिक्श्चर, माइकवरची अनाउन्समेंट आणि शेवटी सर्टिफिकेट हे सगळं इंग्रजीत करायचं ठरलंय.

नुसती शब्दांची यादी नकोय, ती मोबाइलवर कुठंपण मिळते. मला मुलींना पण हे शिकवायचंय. माझं म्हणणं असं की स्पर्धेतला एकेक शब्द म्हंजे एकेक नियम असतो, शब्द कळला नाही की नियम हातातून जातो. मागं एका स्पर्धेत शेजारच्या तालुक्याच्या संघाची तक्रार शंभर टक्के खरी होती, पोरगी आऊट नव्हती, सगळ्यांनी बघितलेलं. पण पत्रकात प्रोटेस्टची मुदत इंग्रजीत छापलेली, ती कुणी वाचलीच नाही. त्यांचे सर तासाभरानं अर्ज घेऊन गेले तर आयोजकांनी घेतला नाही. पोरी रडत एसटीत बसल्या. हे परत कुणाचं होऊ नये एवढंच बघायचंय.

तर तुम्ही ज्या खेळातले असाल त्यातले शब्द सांगा, आणि तो शब्द मैदानावर नेमका कधी वापरतात तेपण सांगा. शब्द देवनागरीतच टाका, मुलींना हाच धागा वाचायला देणार आहे.

पूनमगेटचा_पम्या

मालक, सगळ्यात आधी बीट आणि विन. आपल्याकडं दहातली आठ पोरं इथंच अडकतात. "वी वन बार्शी" असं म्हणतात, ते चूक आहे. विन म्हंजे जिंकणं, सामना जिंकतो, स्पर्धा जिंकतो, कप जिंकतो. बार्शीला जिंकत नसतो, बार्शीला हरवतो, म्हणून "वी बीट बार्शी". आणि बीटचा भूतकाळ पण बीटच आहे, बीटेड वगैरे काही नाही. आपण हरलो तर "वी वेअर बीटन इन द सेमी-फायनल".

दुसरं म्हंजे हरण्याचं. मराठीत आपण "त्यांच्याकडून हरलो" म्हणतो म्हणून पोरं "लॉस्ट फ्रॉम देम" म्हणतात. इंग्रजीत "लॉस्ट टू देम". आणि किती फरकानं ते सांगायला बाय. "वी लॉस्ट टू पंढरपूर बाय टू पॉइंट्स." हे एक वाक्य पाठ झालं की निम्मं काम झालं बघा.

उदाहरण खो-खोचंच देतो. जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, आपल्या मुलींनी फायनलला नेपाळला हरवलं. "इंडिया बीट नेपाळ ७८-४० इन द फायनल." पुरुषांनी पण नेपाळलाच ५४-३६ नं. "बोथ टीम्स रिमेन्ड अनबीटन", म्हंजे दोन्ही संघ शेवटपर्यंत अपराजित. मुलींना ही वाक्यं द्या, लगेच लक्षात राहतील, त्यांचाच खेळ आहे.

बीपीएड_ताई

सर, बाय (वरच्या "बाय टू पॉइंट्स"मधला नाही, हा वेगळा शब्द) आणि वॉकओव्हर माझ्याकडे. दोन्हीला आपण "पुढे चाल" म्हणून मोकळं होतो, म्हणून हा घोळ होतो. पण फरक मोठा आहे.

वॉकओव्हर म्हंजे समोरचा संघ ड्रॉमध्ये, म्हंजे चिठ्ठ्या काढून लावलेल्या जोड्यांत, आहे, त्याची वेळ ठरलेली आहे, पण तो आलाच नाही किंवा उशिरा आला किंवा खेळायला नाही म्हणाला. मग तुम्ही तो सामना जिंकलात. निकालाच्या कागदावर तो सामना जिंकलेला म्हणूनच लागतो. बाय म्हंजे पहिल्या फेरीत तुमच्यासमोर संघच नाही. सामनाच नाही, म्हणून जिंकण्याचा पण प्रश्न नाही, तुम्ही थेट दुसऱ्या फेरीत.

आता बाय येतो कुठून, हे मुलींना फळ्यावर काढून दाखवा, मी दरवर्षी दाखवते. नॉकआउटमध्ये, म्हंजे हरलं की बाहेर अशा स्पर्धेत, संघ २, ४, ८, १६ असे असले तरच नीट जोड्या लागतात. समजा ११ संघ आले. ११ च्या पुढचा असा आकडा १६, सोळातून अकरा गेले पाच, म्हणून पाच बाय. ड्रॉचे दोन भाग करायचे, वरच्यात सहा, खालच्यात पाच, त्यांना अपर हाफ आणि लोअर हाफ म्हणतात. पहिला बाय लोअर हाफच्या शेवटच्या संघाला, दुसरा अपर हाफच्या पहिल्याला, तिसरा लोअर हाफच्या पहिल्याला, चौथा अपर हाफच्या शेवटच्याला, पाचवा परत लोअर हाफमध्ये, शेवटून दुसऱ्याला. म्हंजे ११, १, ७, ६ आणि १० नंबरला बाय. राहिले कोण? २ विरुद्ध ३, ४ विरुद्ध ५, ८ विरुद्ध ९. तीन सामने झाले की तीन विजेते आणि पाच बायवाले मिळून आठ, पुढं क्वार्टर-फायनल सरळ. एकूण सामने नेहमी संघांपेक्षा एक कमी, ११ संघांना १० सामने. हे असंच का, तर एक सोडून प्रत्येक संघ एकदाच हरतो.

चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढा हं सर, आणि पत्रकात "द ड्रॉ विल बी हेल्ड इन द प्रेझेन्स ऑफ टीम मॅनेजर्स" असं लिहा. बाय कुणाला मिळाला ह्यावरून भांडणं होतात ती मग होत नाहीत.

मैदानावरचा_सर

ताई, झकास. हे जसंच्या तसं फळ्यावर जाणार. पण कबड्डीला आठच संघ आहेत आणि लांबून येणाऱ्यांना एक सामना खेळून परत पाठवायचं जिवावर येतंय. लीग घेतली तर किती होतील?

बीपीएड_ताई

आठ संघांची पूर्ण लीग घेतली, म्हंजे प्रत्येकानं प्रत्येकाशी, तर २८ सामने. दोन दिवसांत शक्य नाही, मुलींचे गुडघे जातील. त्यापेक्षा चार-चारचे दोन ग्रुप करा, एका ग्रुपमध्ये सहा, दोन्ही मिळून बारा. मग प्रत्येक ग्रुपमधले पहिले दोन सेमीला, दोन सेमी, एक फायनल, एकूण १५. ह्याला आपल्याकडं "लीग कम नॉकआउट" म्हणतात. परदेशातल्या बातम्यांत तेच "ग्रुप स्टेज" आणि "नॉकआउट स्टेज" असं वाचायला मिळेल. प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळणं ह्याला राउंड रॉबिन पण म्हणतात, तिथं रॉबिन नावाचा कुणी माणूस शोधू नका असं मुलींना आधीच सांगा, दरवर्षी एक तरी मुलगी विचारतेच.

आणि एक लिहायचंच राहिलं, ग्रुपमध्ये दोन संघांचे गुण सारखे झाले तर काय? ते आधीच छापा. "इफ टू टीम्स आर लेव्हल ऑन पॉइंट्स". मग पुढं आधी हेड-टू-हेड बघणार, म्हंजे त्या दोघींच्या आपसातल्या सामन्यात कोण जिंकलं, का स्कोअर डिफरन्स, म्हंजे सगळ्या सामन्यांत मिळवलेले गुण वजा दिलेले गुण, हे ठरवा. दोन्ही चालतात पण क्रम छापलेला पाहिजे.

कव्हर_ड्राइव्ह_सोलापूर

गुण सारखे झाल्यावर काय होतं त्याचं २०१९ च्या क्रिकेट वर्ल्ड कपमध्ये सगळं एकाच स्पर्धेत बघायला मिळतं. न्यूझीलंड आणि पाकिस्तान दोघांचे ११-११ गुण, न्यूझीलंड नेट रन रेटवर सेमीला गेलं. "न्यूझीलंड क्वालिफाइड ऑन नेट रन रेट." मग फायनलला इंग्लंड आणि न्यूझीलंड दोघांच्या २४१. मॅच टाय. सुपर ओव्हर घेतली, त्यात पण १५-१५, परत टाय. शेवटी चौकार-षटकार कुणाचे जास्त ते मोजलं, इंग्लंडचे २६, न्यूझीलंडचे १७, आणि कप इंग्लंडला. लोक इतके चिडले की त्याच वर्षी आयसीसीनं नियम बदलला, आता निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर घेत राहायची. ह्या सगळ्याला मिळून टाय-ब्रेकर म्हणतात.

आता टाय आणि ड्रॉ. क्रिकेटमध्ये हे दोन वेगळे. टाय म्हंजे शेवटी धावा समसमान. ड्रॉ म्हंजे वेळ संपली, डाव पूर्ण झाले नाहीत, सामना अनिर्णित. वन-डेला ड्रॉ होत नाही, पावसानं गेली तर "नो रिझल्ट". रणजीत तर ड्रॉ झाला तरी पहिल्या डावात आघाडीवाल्याला ३ गुण आणि दुसऱ्याला १, म्हणून आघाडीसाठी पण जिवाचं रान करतात. जानेवारी २०२४ ला आपल्या पार्क स्टेडियमवर महाराष्ट्र-मणिपूर रणजी झाली तेव्हा स्टँडमधली पोरं "लीड म्हंजे काय" विचारत होती, "फर्स्ट इनिंग्ज लीड" हा शब्द तिथं बसल्या बसल्या शिकली. असं शिकलेलं विसरत नाही माणूस.

फुटबॉल-हॉकीत मात्र बरोबरीलाच ड्रॉ म्हणतात. "दे ड्रू वन-ऑल." एक-एक बरोबरी झाली की वन-ऑल, शून्य-शून्य असली की निल-निल किंवा गोललेस ड्रॉ. आणि चिठ्ठ्या काढून जोड्या लावल्या तो पण ड्रॉच. वाक्यावरून ओळखायचं.

पावसाचे शब्द पण घ्या सर, नोव्हेंबरात पण कधी कधी गाठतो आपल्याला. पोस्टपोन्ड म्हंजे पुढं ढकलला. कॉल्ड ऑफ म्हंजे सुरू व्हायच्या आधीच रद्द. अबॅन्डन्ड म्हंजे सुरू झाला पण अर्धवट सोडावा लागला. माइकवर तिन्ही एकच समजून बोललात तर विजयपूरवाले सामान बांधतील.

शिळ्याप्रेसचा_बातमीदार

मी बरीच वर्षं जिल्हा पानावर खेळाच्या बातम्या लिहितोय. इंग्रजी शब्द घ्या, काहीच हरकत नाही, पण मुलींना जोडीनं मराठी पण द्या. क्वार्टर-फायनलला उपांत्यपूर्व, सेमीला उपांत्य, सीडिंगला मानांकन, डिफेंडिंग चॅम्पियनला गतविजेते, होस्टला यजमान, रोलिंग ट्रॉफीला फिरता करंडक. हे पेपरात रोज येतात, मुलींनी वाचलेले असतात, म्हंजे निम्मा अर्थ त्यांच्याकडं आधीच आहे.

खो-खोचा निकाल इंग्रजीत लिहिताना मात्र भले भले अडखळतात. आपण लिहितो "१ गुण आणि ४ मिनिटे राखून विजय". हे "वन बाय वन पॉइंट विथ फोर मिनिट्स टु स्पेअर" असं होतं, पहिला वन म्हंजे जिंकले, दुसरा वन म्हंजे एक. टु स्पेअर म्हंजे हातात शिल्लक. "एक डाव आणि ६ गुणांनी" असेल तर "बाय ॲन इनिंग्ज अँड सिक्स पॉइंट्स", आणि इनिंग्जला शेवटी ज पाहिजेच, डाव एक असला तरी. दोन्ही डाव संपून गुण सारखे राहिले की जादा डाव, एक्स्ट्रा इनिंग्ज. त्यातही बरोबरी झाली की लघुत्तम आक्रमण, तिथं पहिला गडी किती वेळात टिपला ते बघतात, कमी वेळ घेणारा जिंकतो. इंग्रजीत मिनिमम चेस. विजयपूरच्या पंचांना लघुत्तम आक्रमण म्हटलेलं कळणार नाही आणि आपल्या मुलींना मिनिमम चेस म्हटलेलं कळणार नाही, म्हणून दोन्ही छापा.

मैदानातले बाकीचे शब्द सोपेच आहेत. चेसर म्हंजे आक्रमक, पळणाऱ्याला रनर पण म्हणतात आणि हल्ली डिफेंडर पण म्हणतात, खांबावर सूर मारणं म्हंजे पोल डाइव्ह.

लाल_माती

कुस्तीतला एक शब्द देतो जो सगळ्या पोरांना माहीत पाहिजे, रेपेशाज. फ्रेंच आहे मुळात. नॉकआउटमध्ये हरलं की घरी, पण कुस्तीत तसं नाही. तुम्ही ज्याच्याकडून हरलात तो पुढं फायनलला गेला तर तुम्हाला परत बोलवतात आणि ब्राँझसाठी लढायला मिळतं. कारण काय तर ड्रॉमध्ये नशिबानं पहिल्याच फेरीत तगडा गडी आला तर त्यात तुमचा दोष नाही.

आपल्याला ह्यानं ऑलिम्पिकची तीन ब्राँझ दिलीत. २००८ ला सुशील कुमार, २०१२ ला योगेश्वर दत्त, २०१६ ला साक्षी मलिक. साक्षी क्वार्टरला रशियाच्या पैलवानाकडून हरली, ती रशियन फायनलला गेली, मग साक्षीला रेपेशाज मिळाला. हरल्यावर पिशवी भरून निघून गेली असती तर? तालमीतल्या पोरांना मी हेच सांगतो, तुझी कुस्ती संपली तरी समोरच्याची संपेपर्यंत आखाडा सोडू नको, वजन-पाणी सांभाळ.

कुस्तीला मॅच म्हणत नाहीत, बाउट म्हणतात. चितपट म्हंजे फॉल. फ्रीस्टाइलला दहा गुणांचा फरक पडला की कुस्ती तिथंच थांबते, त्याला टेक्निकल सुपिरिऑरिटी. आणि बाहेरच्यांना महाराष्ट्र केसरी सांगताना अडचण येते ती ही की आपल्याकडं गादीचा विजेता आणि मातीचा विजेता वेगळा आणि त्या दोघांची गदेसाठी शेवटची कुस्ती. तिथं "द विनर ऑफ द मॅट सेक्शन मीट्स द विनर ऑफ द मड सेक्शन" असं म्हणायचं. मीट्स म्हंजे भेटतो नाही, भिडतो.

शटलवालीची_आई

माझी लेक बॅडमिंटन खेळते म्हणून लिहिते. आमच्याकडं सीड हा शब्द दिवसरात्र असतो. चांगल्या खेळाडूंना सीड देतात म्हंजे ते पहिल्याच फेरीत एकमेकांवर येत नाहीत, पहिलं सीड ड्रॉच्या वरच्या टोकाला आणि दुसरं खालच्या टोकाला, त्यांची गाठ पडली तर फायनललाच. "शी इज सीडेड थर्ड" किंवा "शी इज द थर्ड सीड". सीड नसलेली अनसीडेड. अनसीडेड मुलीनं सीडला हरवलं की त्याला अपसेट म्हणतात, आणि तो सामना हरलेली मुलगी नाराज असली तरी अपसेट तो निकाल असतो. २०२२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपला सौदी अरेबियानं अर्जेंटिनाला २-१ हरवलं तो अपसेट, आणि त्याच अर्जेंटिनानं पुढं कप नेला.

सोलापुरात आयटीएफची महिलांची टेनिस स्पर्धा झाली तेव्हा लेकीला घेऊन गेले होते. तिथल्या बोर्डावर नावापुढं क्यू आणि डब्ल्यूसी लिहिलेलं. क्यू म्हंजे क्वालिफायर, पात्रता फेरी खेळून आलेली. डब्ल्यूसी म्हंजे वाइल्ड कार्ड, रँकिंग कमी असताना आयोजकांनी दिलेला प्रवेश, बहुतेक वेळा आपल्या भागातल्या मुलींना. वशिला असतो का हो हा, असं तिनं विचारलं, मी म्हटलं संधी असते, पुढचं तुझ्या हातात. २००१ ला विम्बल्डन जिंकलेला गोरान इव्हानिसेविच वाइल्ड कार्डवरच आला होता.

ताईंनी वॉकओव्हर सांगितला त्याला जोडून. सामना सुरू व्हायच्या आधी माघार घेतली तर समोरच्याला वॉकओव्हर. सुरू झाल्यावर पाय मुरगळला आणि सोडला तर "रिटायर्ड". खेळातून निवृत्त झाली असा अर्थ नाही, त्या सामन्यापुरतं. आजीला फोनवर "ती रिटायर झाली" सांगितलं तर घरात केवढा गोंधळ उडाला.

एकच_कोपरा

वाचतोय सगळं, पण मला पटत नाही. कबड्डी, खो-खो, कुस्ती हे आपले खेळ. त्यातले शब्द जगानं आपल्याकडून घ्यावेत, आपण का इंग्रजीत जायचं? जुडोवाले जपानी शब्द वापरतात, कुणी तक्रार करत नाही.

मैदानावरचा_सर

दादा, तुमचं म्हणणं मनापासून मान्य आहे आणि खो हा शब्द खोच राहणार, लोणा लोणाच राहणार, ते कुणी बदलत नाही, वर्ल्ड कपला परदेशी मुलीसुद्धा खो म्हणूनच ओरडत होत्या. पण नियमांचं पुस्तक, निवडीचं पत्र, कॅम्पचा ईमेल, डोपिंगचा फॉर्म हे सगळं मुलीच्या हातात इंग्रजीतून येतं. गावाकडची मुलगी, वडील यंत्रमागावर नाहीतर उसाच्या फडात, ती राष्ट्रीयला जाते आणि तिच्यापुढं कागद ठेवतात, इथं सही कर. तिनं तो वाचून सही करावी असं मला वाटतं. अभिमान दोन्हीत आहे की नाही? आपला शब्द जपायचा आणि समोरच्याचा पण समजून घ्यायचा.

एकच_कोपरा

हे पटलं. मग कबड्डीचे मी देतो. चढाई म्हंजे रेड, चढाई करणारी रेडर, बचाववाल्या अँटी किंवा डिफेंडर. समोरचा सगळा संघ बाद केला की लोणा, त्याचे जादा २ गुण, त्याला ऑल आउट पण म्हणतात. बाद फेरीत बरोबरी झाली की पाच-पाच चढाया, तिथंही सुटलं नाही तर गोल्डन रेड, म्हंजे निर्णायक चढाई.

चौसष्ट_घरं

बायबद्दल एक पुरवणी. बुद्धिबळात स्विस लीग असते, त्यात कुणी बाद होत नाही, प्रत्येक फेरीत सारख्या गुणांच्या खेळाडूंची जोडी लावतात. संख्या विषम असली की एकाला बाय, पण इथं बाय मिळाला की सहसा पूर्ण गुण मिळतो. म्हंजे शब्द तोच, नॉकआउटमध्ये गुण वगैरे काही नाही आणि स्विसमध्ये गुण. सरांचं म्हणणं खरंय, शब्दाबरोबर नियम विचारायचाच.

पूनमगेटचा_पम्या

सर्टिफिकेटबद्दल कुणीच बोललं नाही अजून. मुलींना तेच आयुष्यभर लागतं, कॉलेज प्रवेश, खेळाचे वाढीव गुण, नोकरीतलं आरक्षण, सगळीकडं तोच कागद काढावा लागतो. मी एका ऑफिसात हे कागद बघतो, त्यात नेहमी दिसणाऱ्या गोष्टी सांगतो.

"फायनल्स" नको, "फायनल". शेवटचा सामना एकच असतो. उपविजेता एक असेल तर "रनर-अप", संघ असेल तर "रनर्स-अप", रनरला एस लागतो, अपला नाही. करंडकावर "रनर-अप्स" असं कोरलेलं मी स्वतः बघितलंय, पितळेवर कोरलं की पुसता येत नाही. "बिलो १७ इयर्स गर्ल्स" नको, "अंडर-१७ गर्ल्स". सेमीला हरलेल्या दोन्ही संघांना तिसरा क्रमांक देणार असाल तर "जॉइंट थर्ड", आणि तिसऱ्यासाठी सामना घेणार असाल तर तो "थर्ड-प्लेस प्ले-ऑफ".

सगळ्यात मोठी गोष्ट, नुसतं "पार्टिसिपेटेड" लिहू नका. मुलगी दुसऱ्या आलेल्या संघात होती तर तसं लिहा, "वॉज अ मेंबर ऑफ द टीम दॅट फिनिश्ड रनर्स-अप". सहभाग आणि यश हे दोन वेगळे कागद आहेत. आणि नावाचं स्पेलिंग आधार कार्डावरून घ्या, तोंडी विचारून नको.

बीपीएड_ताई

माइकवर काय बोलायचं तेपण मुलींकडूनच करून घ्या सर, दोन मुली बसवा, एक मराठीत एक इंग्रजीत. "टीम्स फॉर मॅच नंबर फाइव्ह, प्लीज रिपोर्ट टु ग्राउंड नंबर टू." दुसऱ्यांदा "सेकंड कॉल", तिसऱ्यांदा "लास्ट अँड फायनल कॉल". कॅप्टनना टॉसला बोलवताना "बोथ कॅप्टन्स फॉर द टॉस, प्लीज". सामना संपला की "बार्शी बीट इंडी बाय थ्री पॉइंट्स अँड गो थ्रू टु द सेमी-फायनल". गो थ्रू म्हंजे पुढच्या फेरीत गेले.

आणि पत्रकात "स्पर्धा आयोजित केली आहे" ह्याला आपण उगाच मोठं वाक्य करतो. "द टुर्नामेंट विल बी हेल्ड ऑन", पुढं तारीख, "ॲट", पुढं मैदान. मैदानाच्या जागी व्हेन्यू. पुरे.

मैदानावरचा_सर

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, खूप उपयोग होतोय. प्रोटेस्टचं कलम मी असं लिहिलंय, बघा बरं: "एनी प्रोटेस्ट मस्ट बी सबमिटेड इन रायटिंग बाय द टीम मॅनेजर विदिन थर्टी मिनिट्स अलाँग विथ द प्रोटेस्ट फी. द डिसिजन ऑफ द ज्युरी विल बी फायनल."

शिळ्याप्रेसचा_बातमीदार

दोन जागा उघड्या राहिल्यात. विदिन थर्टी मिनिट्स, पण कशापासून? घटना घडली तेव्हापासून, सामना संपल्यापासून का निकाल जाहीर झाल्यापासून? "ऑफ द एंड ऑफ द मॅच" जोडा. दुसरं, फी परत मिळणार का ते लिहा. "द फी विल बी रिफंडेड इफ द प्रोटेस्ट इज अपहेल्ड." अपहेल्ड म्हंजे तक्रार मान्य झाली, फेटाळली तर डिसमिस्ड.

मैदानावरचा_सर

घेतलं दोन्ही. आणि हे कलम पत्रकाच्या मागं बारीक अक्षरात न टाकता पहिल्या पानावर, इंग्रजी, खाली मराठी आणि त्याखाली कन्नड असं टाकतोय. मराठीत "सामना संपल्यापासून ३० मिनिटांच्या आत, लेखी, संघ व्यवस्थापकाच्या सहीने". कन्नडसाठी अक्कलकोटच्या एका बाईंना पाठवलंय, त्या उद्या देतो म्हणाल्यात.

लाल_माती

मैदानावर घड्याळ पण लावा सर, मोठं, सगळ्यांना दिसेल असं. आमच्या तालमीतलं आहे, घेऊन जा.

मैदानावरचा_सर

येतो न्यायला. रविवारी सकाळी चालेल का?